मूठभर गहू सरांच्या नावाचे

"अक्का, मना रोट टाका ना?"

ओट्यावरून आलेली ती हाक नूतनला अजून ऐकू येते. श्रावणातला रविवार, घरात कानबाई देवी बसलेली, चौरंगाला केळीचे खांब, आणि दारात तिला पळायला शिकवणारे लीलाधर सर, गळ्यातली शिट्टीसुद्धा न काढता हसत उभे. चुलीपुढून आई ओरडायची, "टाका भाऊ, टाका! तुमना नावना गहू पयले निवडात!"

कानबाईच्या रोटाचं काम साधं नसतं. घरातल्या एकेकाच्या नावाने मूठमूठ गहू काढायचे, दळायचे, त्याचे जाड पोळीसारखे रोट करायचे, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याच्या ताटात रोट पडत नाही. पारोळ्याच्या त्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नूतन विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत पहिली आली, पेपरात फोटो छापून आला, आणि तिच्या आईने, मंदाबाईंनी, त्या वर्षीपासून एक मूठ जास्तीची काढायला घेतली.

धाकटे दीर निंबाआबा कुरकुरले. "वहिनी, परका माणूस देवीना रोट खाई?"

"बापना मांगे ज्यानी पोरले पयाले शिकाडं, तो परका कसा?" मंदाबाई म्हणाल्या, आणि जात्यावर नसतानाही जात्यावरच्या गळ्याने त्यांनी जागच्या जागी ओवी जुळवली:

कानबाई माय वं, तुना पाटे ठेवं फळ
मन्ही पोरना पायले देजो वारानं बळ

मूठभर गव्हांनी माणूस घरचा झाला. आणि घरच्या झालेल्या माणसाविरुद्ध तोंड उघडायचं कसं, ते त्या घरात कोणी शिकवलेलं नव्हतं.

धुळ्याच्या पांझरा विद्यापीठात मैदानाच्या कडेला मसाजची खोली होती. तिला आतून कडी होती. याहून जास्त नूतनने स्वतःशीसुद्धा कधी सांगितलं नाही. एक दिवस तिने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि घरी येऊन म्हणाली, "गुडघा दुखतो. आता पळणं होणार नाही." आईने काही विचारलं नाही. तेल कोमट केलं आणि न दुखणाऱ्या गुडघ्याला ती कितीतरी दिवस चोळत राहिली. नूतनला वाटायचं, हिला काहीच कळलेलं नाही. बरंच आहे. आणि मग उशीत तोंड खुपसून वाटायचं, हिला काहीच कसं कळत नाही?

त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. नूतन आता पारोळ्यातच शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पोरींना पळायला शिकवते, पण स्वतः पळत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच विद्यापीठात पळणाऱ्या रोशनी पावरा नावाच्या मुलीने लीलाधर सरांवर तक्रार केली. शिरपूरच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची पोर. आईबरोबर मोहाची फुलं वेचत डोंगर चढता चढता तिचे पाय तयार झालेले. सरांना अटक झाली. गोष्ट संपली, असं सगळ्यांना वाटलं. रोशनीला वाटलं नाही. तिने कुठून तरी नूतनचा नंबर मिळवला.

"ताई, चौकशी समिती बसली आहे, पण विद्यापीठ म्हणतंय, ही पहिलीच तक्रार. एवढ्या वर्षांत कोणाला काही माहीतच नव्हतं म्हणे." थोडी थांबून ती म्हणाली, "तुमचा फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे. तुम्ही एकदम पळणं का सोडलं, हे कोणीच सांगत नाही. म्हणून विचारते. नाही सांगितलं तरी राग नाही."

नूतनच्या हातातला फोन गरम झाला होता. "सुनावणी कधी आहे?" तिने विचारलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा आईही पिशवी घेऊन ओट्यावर उभी. "माले बी धुळाले येनं शे. डोया दाखाडना शेतस."

"डोळे? पारोळ्यात दाखवले ना परवा?"

"त्या डाक्टरले काय समजस! त्यालेच चष्मा शे."

एसटीत कंडक्टरने आईकडे निरखून पाहिलं. "अक्का, पंच्याहत्तर भरले का? भरले असतील तर फुकट बसा."

"तुनी माय व्हई पंच्याहत्तरनी! अर्धं तिकीट फाड, आनि पुढं सरक."

सगळी एसटी हसली. नूतनही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. आईने पिशवीतून शेंगा काढल्या, सोलून एकेक दाणा तिच्या हातावर ठेवत राहिली, लहानपणी ठेवायची तशी.

धुळ्यात उतरल्यावर नूतन म्हणाली, "तू दवाखान्यात जा. मला विद्यापीठात काम आहे."

"डोया मंग दाखाडसू," म्हणत आई मागून चालू लागली. लेकीने पाय उचलले की तीही उचलायची.

सभागृहात पंखे जोरात फिरत होते. समितीच्या अध्यक्ष सुनंदाबाई निवृत्त न्यायाधीश. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "त्या माणसाने काय केलं ते न्यायालय बघेल. विद्यापीठाने काय केलं आणि काय केलं नाही, ते आपल्याला बघायचं आहे."

कुलसचिव उभे राहिले. पांढरे केस, मऊ आवाज. नूतन पळायची तेव्हा ते क्रीडा संचालक होते. त्यांनी कागद वाचला. विद्यापीठाला अतीव दुःख आहे. प्रशिक्षक कंत्राटी होते. प्रत्येक वसतिगृहात तक्रारपेटी बसवली आहे, मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिर घेतलं आहे. यापूर्वी अशी बाब विद्यापीठाच्या कानावर कधीही आलेली नव्हती.

रोशनी उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज सरळ होता.

"शिबिरात आम्हाला हात कसा पिरगळायचा ते शिकवलं. पण मॅडम, त्या खोलीची चावी सरांना कोणी दिली? बाहेरगावी स्पर्धेला नेताना मुलींबरोबर बाई का नव्हती? सर जेलात गेले, चांगलं झालं. उद्या दुसरे सर येतील. चावी तीच राहील." ती बसली आणि पुन्हा अर्धवट उठली. "माझ्या गावातून आता कोणी आपल्या पोरीला इथं पाठवत नाही. शीतल माझ्याहून जोरात पळते. तिच्या बापाने तिला घरी बसवलं. त्याचं कोण भरून देणार?"

मग नूतन उभी राहिली. सगळ्या वाटेत मनात जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"माझ्याबरोबरही झालं होतं," ती म्हणाली. "त्याच खोलीत."

रोशनीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेसाठी तरी आपण आलो ते बरं झालं, असं नूतनला वाटलं. आईकडे पाहायचा मात्र तिला धीर झाला नाही.

कुलसचिव हळुवारपणे म्हणाले, "आम्हाला वाईट वाटतं, ताई. पण तुम्ही त्या वेळी कोणाला सांगितलं होतं का?"

"नाही."

"घरी?"

"नाही."

"म्हणजे," त्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं, "विद्यापीठाला कळायला मार्गच नव्हता. मी ताईंना दोष देत नाही."

दोष देत नाही म्हणत त्यांनी तो तिच्या पदरात टाकला होता. नूतन खाली बसली. तिच्या गप्प राहण्याच्या आडोशाला आता अख्खं विद्यापीठ उभं राहणार होतं, आणि रोशनी पुन्हा एकटी पडणार होती.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

"बाई, मी बोलू का?" मंदाबाई उभ्या होत्या, पिशवी पोटाशी धरून. "मी हिची आई."

"बोला, मावशी. बसून बोला."

"उभीच बरी." त्यांनी गावची बोली बाजूला ठेवून बोलायचा प्रयत्न केला, जरा वेळ ते जमलं. "आमच्या घरी कानबाई बसते. हिने पळणं सोडलं त्या वर्षी या माणसाचं ताट मी नूतनच्या हातात दिलं, जा वाढ म्हटलं. हिने ताट दारातच जमिनीवर ठेवलं अन् मागच्या मागे निघून गेली. देवीच्या रोटाचं ताट कोणी भुईवर टाकत नाही, बाई. माझी पोर तर कधीच नाही. तेव्हा मला समजलं. न विचारता समजलं."

नूतनला ते ताट आठवत होतं. आईने ते पाहिलं होतं, हे तिला आज कळत होतं.

"दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले अन् इथं आले." मंदाबाईंनी कुलसचिवांकडे बोट दाखवलं नाही, फक्त पाहिलं. "साहेब, तुमच्याच खोलीत आले. तुम्ही शिपायाला सांगून मला चहा दिला. मी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणाले, आई, मी बघतो. म्हणाले, पोरीचं नाव निघेल, तिला काही विचारू नका, ती विसरून जाईल. तुम्ही शिकलेले. मी तुमचं ऐकलं."

कुलसचिवांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. तो सरळ करत राहिले. सरळच होता तो.

"साहेब," सुनंदाबाई म्हणाल्या, "या बाई आल्या होत्या का?"

कुलसचिव एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाले, "आल्या होत्या."

सुनंदाबाईंनी शेजारी बसलेल्या लेखनिकाला ते शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितलं.

मंदाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या रांगेतून वाट काढत पुढे आल्या, लोकांचे पाय तुडवत. नूतनच्या खुर्चीशी आल्या तेव्हा शहरी बोली कुठेतरी गळून पडली होती.

"नूतन, मी रोज तेल लाये तुना गुडघाले. माले वाटे, आज ही बोली, आज बोली. मी तोंड उघाडं नही, साहेबनी सांगं व्हतं म्हनीसन." त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माले माहीत व्हतं, माय. तवापासून बठ्ठं माहीत व्हतं."