कपाटात जपलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी, पण एकदाही न टोचलेली सुई आहे. दिसायला जाडजूड पेनसारखी. मला मांडीवर दाबलं, की माझ्यातलं औषध कोंडलेला श्वास मोकळा करतं आणि माणसाला दवाखान्यापर्यंत पोचायला उसंत मिळते.

माझा जन्म अमेरिकेतला. कोथरूडचे माधवराव टेकडीवर फिरताना मधमाशी चावून कोसळले. दवाखान्यात कसेबसे वाचले, तेव्हा त्यांच्या मुलानं, सलिलनं, मला तिकडून पाठवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तुम्हाला दमा आहे. पुढची माशी याहून महागात पडेल. सुई कायम जवळ ठेवा आणि ॲलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवून घ्या."

माधवरावांनी मान डोलावली. घरी येऊन म्हणाले, "बरा झालोय ना? मग तज्ज्ञांना काय नुसतं तोंड दाखवायचं?"

माझं मात्र कोण कौतुक! शेजारचे रावसाहेब मुद्दाम मला बघायला आले. माधवरावांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. मीही फुलून गेले, मूर्खासारखी.

"अहो, सुई नेताय ना?" त्या रोज सकाळी विचारायच्या.

"घामानं खराब होईल. अमेरिकेची वस्तू आहे," असं म्हणून ते कपाटाला कुलूप लावायचे आणि टेकडीवर जायचे. मला संताप यायचा. पण कुलपाआड कोण कुणाचं ऐकतं?

एके सकाळी टेकडीवर मोहोळ उठलं. सोबत फिरायला गेलेल्या रावसाहेबांचा फोन आला, "वहिनी, माधवला माशा चावल्यात! श्वास लागलाय. गाडी बोलावलीय, पण तुम्ही सुई घेऊन या!"

मंदाकिनीबाई कपाटाकडे धावल्या. किल्ली नव्हती. ती नेहमीसारखी माधवरावांच्या खिशात, टेकडीवर होती. त्या वरवंट्यानं कुलपावर घाव घालत राहिल्या. मी आत सगळं ऐकत होते. कुलूप तुटलं नाही. मग फोन पुन्हा वाजला आणि घाव थांबले.

दिवसकार्य उरकल्यावर सलिलनं कपाट उघडलं. रावसाहेबांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अगदी कोरी आहे हो. छान जपली होती."

मित्रांनो, तुमच्या घरी माझी बहीण असेल तर तिला मळू द्या, पण माणसाच्या खिशात राहू द्या. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना टाळू नका. आम्हाला जपू नका, माणूस जपा.

मंदाकिनीबाईंनी मला पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळलं आणि कपाट बंद केलं. किल्ली आता त्यांच्याकडेच असते.