लेडीज आवाज

"काकी, तुम्हीच बोला ना काकांशी. माझं तर ऐकूनच नाही राहिले," तेजस्विनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली.

मी गॅसवर वांगी भाजत होते. भरिताची वांगी भाजताना माणसानं बोलण्यात गुंतू नये, एक बाजू कच्ची राहते. पण ही पोरगी लहानपणापासून अशीच, वाटेल तेव्हा घुसणार आणि वाटेल ते मागणार.

"काय म्हणणं आहे त्यांचं?"

"म्हणतात, शनिवारी येईन, समोर बसेन, टाळ्या वाजवीन. पण स्टेजवर नाही. काकी, गाणंच ते दोघांचं आहे. एकटी कशी गाऊ?"

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय बरं का."

"मग ऐका की. ऐकायला कुणी मना केलंय?" मी म्हटलं.

हे म्हणजे आमचे दिगंबर. नगर निगमच्या कर विभागात कारकून होते, आता रिटायर होऊन घरात माझ्या मागे-मागे फिरतात. ऑफिसातल्यांना विचाराल तर म्हणतील, सज्जन माणूस, तोंडातून शब्द निघत नाही. पण लोधीपुऱ्यातल्या, बुधवाऱ्यातल्या जुन्या लोकांना विचारा. ते आधी गालातल्या गालात हसतील आणि मग म्हणतील, "अरे, तो लेडीज आवाज!"

तेव्हा आमच्या बुऱ्हाणपुरात एक ऑर्केस्ट्रा होता. गणपती, नवरात्र, लग्नसराई, त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. ह्यांचा आवाज तिथे असा लागायचा की डोळे मिटले तर एखादी कोवळी पोरगी गातेय असं वाटावं. पातळ, गोड, वर जाताना जराही न किंचाळणारा. मी पहिल्यांदा ऐकला तो बहादरपुरात, मामेबहिणीच्या हळदीला. मी आत बायकांत बसले होते, मांडव दिसत नव्हता. म्हटलं, अगं बाई, कोण ही, काय गाते! पुढे त्याच बाईशी माझं लग्न झालं.

तर ऑर्केस्ट्रातली रीत अशी. हे लोकांकडे पाठ करून उभे राहायचे, डोक्यावरून ओढणी. कडूभाऊ म्हणून निवेदक होते, ते सांगायचे, "मंडळी, खास पाहुण्या कलाकार, जरा लाजाळू आहेत, सांभाळून घ्या." मग हे गायचे, लोक गप्प बसून ऐकायचे. आणि शेवटच्या ओळीला हे ओढणी काढून वळायचे. मिशा, चष्मा, शर्टाच्या खिशात पेन. की झालं! शिट्ट्या, हसणं, माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची. कडूभाऊ वरून फोडणी द्यायचे, "स्थळं पाठवू नका, मुलगी लग्नाची नाही!"

मला ते कधीच आवडलं नाही. गाणं कुणाला हवं होतं? सगळे त्या मिशांची वाट बघत बसायचे. पण हे म्हणायचे, "राहू दे गं. त्याच्या निमित्तानं गायला तर मिळतं."

मग आमचा प्रकाश चौथीत असताना एकदा शाळेतून रडत आला. पोरं त्याला चिडवत होती, "तेरी मम्मी तो मूँछवाली है." हे तेव्हा नुकतेच ऑफिसातून आले होते, पायातली चप्पल काढत होते. ती हातात घेऊन तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कडूभाऊंना सांगून आले, ऑफिसात फार काम वाढलंय, आता जमणार नाही. संपलं. पोरगा दोन दिवसांत विसरून गेला, हे काही विसरले नाहीत. घरच्या आरतीतसुद्धा खालच्या पट्टीत पुटपुटायचे. मी किती भांडले असेन! भिंतीशी भांडावं तसं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ही तेजस्विनी. शेजारच्या ज्योत्स्नाची मुलगी. शाळेच्या प्रार्थनेतून तिला काढलं होतं, मुलासारखा जाडा आवाज म्हणून. आमच्या ओट्यावर बसून मुसमुसत होती. हे आले, विचारलं, म्हणाले, "म्हणून दाखव बरं." तिनं नाक ओढत म्हणून दाखवलं. ह्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "जाडा आहे तर जाडाच गा. पातळ करायला जाशील तर तुझाही राहणार नाही आणि दुसऱ्याचाही येणार नाही." मग पलंगाखालची पेटी ओढून काढली. माझ्या नवऱ्याला एवढं बोलताना मी क्वचितच पाहिलं असेल. त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या घरात सा लागायचा तो तेजस्विनीचा. हे फक्त बोटांनी दाखवायचे, स्वतः कधी गायचे नाहीत.

आणि आता बघा त्या पोरीला! ती गाते, बहादरपूरचा निलेश गिटार वाजवतो, निरंजन ड्रमवर. बँडचं नाव पिलबाग. केळीचं मुख्य पीक कापलं की बुडाशी जी पिलं राहतात, त्यांच्यावर घेतात ते दुसरं पीक म्हणजे पिलबाग. नाव निलेशच्या बापानं सुचवलं, तेही शिव्या देता देता. कारण ह्या पोरांच्या धिंगाण्याला गल्लीत कुणी जागा देईना, तेव्हा त्याच्याच मळ्यातली केळी पिकवायची बंद पडलेली खोली त्यांनी बळकावली. जाड थर्मोकोलच्या भिंती, आतला आवाज बाहेर म्हणून जात नाही. खोली बंद पडून किती दिवस झाले, तरी आत शिरलं की पिकल्या केळ्यांचा वास येतो.

मला काही रॉकबिक कळत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानात बोटं घातली होती. पण मग शब्द ऐकू यायला लागले. अहो, ती पोरं आपल्याबद्दल गातात! मालाचा ट्रक भरून दिल्लीला निघालेला ड्रायव्हर, तापीच्या घाटावर कपडे वाळत घालणाऱ्या बाया, रिझल्टच्या दिवशी घरी न गेलेला मुलगा. अर्धं हिंदीत, अर्धं आपल्यात, जसं आपण बोलतो तसंच. कुणाची नक्कल नाही. निरंजन लग्नातल्या बँडसारखा सुसाट पळत नाही, थांबून थांबून वाजवतो, आणि थांबतो तेव्हाच अंगावर काटा येतो. आणि तेजस्विनीचा तो जाडा आवाज पोटातून निघतो तो सरळ पोटात जातो. पुण्यात तिकीट लावून हॉल भरला. इंदूरला पोरं उभ्यानं गात होती म्हणे. मोठी कंपनी पाठीशी नाही, ओळख नाही, तरी गाणी मोबाइलमधून कुठे कुठे पोचली. आणि आता पहिल्यांदा आपल्या गावात, मॅरेज गार्डनच्या लॉनवर कार्यक्रम.

तेजस्विनी म्हणत होती त्या दोघांच्या गाण्यात आई आहे आणि मुलगी आहे. संक्रांतीची संध्याकाळ, मुलगी गच्चीवर पतंग उडवतेय. आई खालून हाक मारते,

खाली ये गं, दिवा लागला,
गच्चीवर अंधार फार झाला.

मुलगी म्हणते, थोड़ी देर और माँ, अभी पतंग में जान है. एवढंच. पण शेवटी हाक येते आणि मुलगी उत्तर देत नाही.

मुलगी तेजस्विनी गाणार. आईचा आवाज तिला आमच्या ह्यांचा हवा होता. तिला कसं कळलं म्हणाल, तर मीच सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

भरीत वाढताना मी विषय काढलाच. "का नाही म्हणता?"

हे भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "वळलो की हसतात, अलका. ह्या वयात नको. आणि आता तर पोरीच्या कार्यक्रमात हसतील. तिचं गाणं वाया जाईल."

"हसतील त्यांचे दात मी पाडीन."

"किती जणांचे पाडशील?" ते म्हणाले आणि स्वतःच थोडं हसले. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं.

नुसतं ऐकायला म्हणून मी त्यांना त्या केळीच्या खोलीत नेलं. निलेशनं गिटार धरली, गाणं सुरू झालं. आईची ओळ आली तेव्हा हे हळूच उठले, भिंतीकडे तोंड केलं आणि गायले.

काय सांगू तुम्हाला! आवाज पूर्वीचा नव्हता. कोवळेपणा गेला होता, कडा झिजल्या होत्या. पण तो बाईचाच होता, आता माझ्या वयाच्या बाईचा. पोरीला हाका मारून दमलेल्या आईचा. निरंजनचा हात वरच राहिला.

"भाईसाब!" निलेश एवढंच म्हणाला.

तेजस्विनीनं डोळे पुसले. "काका, आता इकडे बघून. एक बार."

हे वळले. पोरं समोर दिसली. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. खाकरले, पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा. "नाही होत गं," ते म्हणाले. "समोर माणूस दिसलं की आवाज आतच बसतो."

"तर मग पाठ करूनच गा," ती म्हणाली. "आणि वळूच नका. शेवटपर्यंत नका वळू. कोण हसतंय बघू."

"हाव, हे जमेल," हे म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. एवढं गाणारा माणूस आणि लोकांनी त्याची पाठच बघायची? पण मी जीभ आवरली. एकदा कबूल झाला होता, पुन्हा फिरला असता.

शनिवारी संध्याकाळी लॉन गच्च भरलं. कॉलेजची पोरं पुढे उभी, आम्ही म्हातारी मंडळी खुर्च्यांवर. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन कोण बसावं? कडूभाऊ! काठी टेकत, हातात कुणीतरी दिलेला गुलाब.

"वहिनी, दिगंबर गाऊन राहिला म्हणे?"

"गातायत. आणि तुम्ही तोंडातून एक अक्षर काढलंत तर बघा."

"मी काय करून राहिलो वहिनी? मी तर बसलो."

पिलबागनं सुरुवात केली आणि सगळं लॉन हलायला लागलं. मोठ्या गावातले कार्यक्रम मी पाहिले नाहीत, पण आपल्याच गल्लीची गाणी आपल्याच गावात वाजतात तेव्हा काय होतं ते मी पाहिलं. ट्रकचं गाणं आलं तर मागे पार्किंगमधले ड्रायव्हर पुढे सरकले. एक पोलीसवाला टोपी काखेत मारून मान हलवत होता. ज्योत्स्ना माझ्या मागे बसून रडत होती, लेकीला जाडा आवाज दिला म्हणून हिनंच एकेकाळी देवाला बोल लावला होता.

मग तेजस्विनी माइकवर म्हणाली, "अगला गाना मेरे गुरुजी के साथ. दिगंबर काका."

हे आले. पांढरा शर्ट, मी इस्त्री केलेला. ठरल्याप्रमाणे लोकांकडे पाठ करून माइकसमोर उभे राहिले. जुन्या खुर्च्यांमधून कुजबुज झाली. कुणीतरी "लेडीज" म्हणालं, कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. मी कडूभाऊंकडे बघितलं, ते पुढे वाकून बसले होते.

सुरुवातीला गिटार एकटीच वाजत होती. तेजस्विनीनं पतंगाच्या ओळी म्हटल्या. आता आईची हाक. ह्यांचे खांदे वर झाले, श्वास घेतला, आणि मला दिसलं की पाऊल हलतंय.

हे वळले. गायच्या आधी वळले.

मिशा आता पांढऱ्या. चष्मा. लाइटमध्ये चेहरा अगदी उघडा. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. देवा, आवाज निघू दे. हसले तर हसू देत, पण आवाज निघू दे.

खाली ये गं, दिवा लागला.

पहिल्या शब्दाला किंचित चिरकला. मग लागला. पुढे उभी असलेली पोरं, ज्यांना ऑर्केस्ट्राही माहीत नाही आणि ती ओढणीही माहीत नाही, ती नुसती बघत राहिली. एका मुलीनं शेजारणीचा हात धरला. तो पोलीसवाला स्टेजकडे डोळे लावून उभा होता. मी मान वळवून वळवून सगळीकडे बघितलं, कुणी हसताना सापडला असता तर सोडला नसता. कुणी सापडलं नाही. शेवटची हाक वर गेली, तिला उत्तर आलं नाही, आणि निरंजन थांबला.

मग टाळ्या सुरू झाल्या. कडूभाऊंनी गुलाब मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, पाणी आहे का जरा?"

मी स्टेजच्या मागे धावले. हे एका लोखंडी खुर्चीवर बसले होते, कपाळावर घाम. बाहेर पिलबागचं पुढचं गाणं सुरू झालं होतं, जमीन हादरत होती.

"अहो, वळलात की!" मी म्हटलं. "ठरलं काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अलका, ऐकताना माणसं अशी दिसतात, मला माहीतच नव्हतं गं," ते म्हणाले. "मी वळेपर्यंत ती नेहमी हसायलाच लागलेली असायची."

मग ते उठले आणि पडद्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी म्हटलं घरी जाऊ या, दमलात. ते म्हणाले, थांब जरा. कार्यक्रम संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. पोरं इतकं सुंदर वाजवत होती, पण हे त्यांच्याकडे बघत नव्हते. पडदा जरासा बाजूला सारून ते लोकांचे चेहरे बघत होते.