नरसव्वाची करंगळी

मित्रांनो, मी अंगठा ओळखणारं एक जुनं यंत्र आहे. अंग काळं, मुठीत मावेल एवढं, आणि डोक्यावर काचेचा इवलासा डोळा. तेलंगणातल्या जगित्यालकडच्या भातखेड्यांत शेतीचं सरकारी अनुदान ज्याचं त्याच्या हाती पोचवण्यात माझी हयात गेली.

पण खरं कौतुक माझं नाही, स्वरूपाअक्काचं. बँकेने मला तिच्या हवाली केलं आणि तिने मला पिशवीत घालून दारोदार नेलं. कुणी आजारी असो, कुणी चिखलात उभं असो, ती बांधावर जायची. आधी पदराने माझी काच पुसायची, मग काम. ‘उद्या या’ असं तिने कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. असं माणूस मिळायला भाग्य लागतं!

एका आषाढात मात्र मी तिला तोंडघशी पाडलं. आमच्याकडे आषाढात बायका मेंदी लावतात, बोटांची टोकं तर पार माखून. नेमकं त्याच आठवड्यात अनुदान जमा झालं. रंगलेल्या बोटांवरच्या रेषा मला दिसेनात. पुरुष पैसे घेऊन गेले, बायका खोळंबल्या.

बाकीच्यांचं थांबून भागलं असतं, नरसव्वाचं भागणार नव्हतं. विधवा बाई, जमीन तिच्या एकटीच्या नावावर. भाताची रोपं लावणीपलीकडे वाढत चालली होती. लावणीच्या बायका दुसऱ्याच दिवशी यायच्या होत्या, रोख मजुरी मिळाली नाही तर त्या पुढच्या गावी जाणार होत्या. त्यात बँकेला सुट्टी.

नवरा गेल्यापासून नरसव्वाने मेंदी लावली नव्हती. त्या वर्षी सुनेने हट्टाने लावली. माझा लाल दिवा लागताच रांगेतली राजव्वा म्हणाली, “नवरा नाही त्या हाताला मेंदी कशाला हवी होती? भोग आता.”

नरसव्वाने हात पदराखाली घेतले. “खरंय बाई, माझंच चुकलं.”

“काही चुकलं नाही, अव्वा,” स्वरूपाअक्का म्हणाली. “राजव्वा, तुझा नवरा तर ठणठणीत आहे ना? मग तुझा अंगठा का नाही लागला?”

रांग हसली. राजव्वा तरातरा निघून गेली.

मग, नोंद तर दहाही बोटांची असते म्हणून, स्वरूपाअक्काने नरसव्वाचं एकेक बोट लिंबाने चोळलं, पुसलं, माझ्यावर टेकवलं. रांग पांगली तरी ती उठली नाही. अखेर डाव्या करंगळीला माझा हिरवा दिवा लागला. दात येणाऱ्या नातवाने ती चोखून चोखून मेंदी रंगूच दिली नव्हती! दुसऱ्या दिवशी नरसव्वाची लावणी झाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेव्हापासून गावातल्या बायका आषाढात डावी करंगळी कोरी ठेवू लागल्या. तिला त्या ‘सरकारी बोट’ म्हणत.

आता चेहरा ओळखणारं नवं यंत्र आलंय आणि मी फळीवर बसलोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, यंत्र नवं असो की जुनं, त्याने नाही म्हटलं म्हणून कष्टाच्या हातांना परत पाठवू नका. काच पुसा, दुसरं बोट बघा.

या आषाढात स्वरूपाअक्काच्या ओसरीवर मेंदी वाटली गेली. नरसव्वा सवयीने करंगळी मुडपून बसली होती. राजव्वा तिच्यापुढे येऊन बसली, आणि तिने ती करंगळी हलकेच सरळ केली.

“सरकारला आता बोट नको, अव्वा,” ती म्हणाली. “हात दे इकडे. सगळा दे.”