चिमीच्या सायकलचे बोल्ट

सायकल खोक्यातून आली ती अर्धीमुर्धी जोडलेली. मागचं चाक, साखळी, ब्रेक सगळं जागच्या जागी. हँडल, सीट आणि दोन्ही पायडलं मात्र वेगळी, पुठ्ठ्यात गुंडाळलेली. सोबत एक पुस्तिका आणि वाकवलेली एक षटकोनी किल्ली. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘घरच्या घरी जोडा’. ते वाचून चिमीच्या घरातले दोन्ही पुरुष एकदमच बाह्या सरसावून उठले आणि तिथेच सगळा घोळ झाला.

चिमी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. मोठ्या इस्पितळात नर्स, चाळिशी ओलांडलेली, आणि नुसतं दारात उभं राहून अख्खा वॉर्ड गप्प करणारी. पण वडील चिमी म्हणायचे म्हणून नवराही म्हणायला लागला. नवरा दंतवैद्य. मनगट असं की त्याने बरणीचं झाकण लावलं, तर ती बरणी उघडायला शेजारी न्यावी लागे. नळ तो बंद करत नसे, नळाचा गळा आवळत असे. वडील त्याच्या अगदी उलट. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती, त्यामुळे दाराची कडी बसवतानाही ते श्वास रोखून धरायचे. त्यांनी बसवलेली कडी आठवडाभरात हातात यायची. “वस्तूला दुखलं नाही पाहिजे,” असं ते म्हणत.

पुस्तिकेत कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा याचे आकडे होते. तो जोर मोजणारा खास पाना मात्र घरात नव्हता.

“आकड्यांचं काय घेऊन बसलात बाबा? हाताला कळतं,” नवरा म्हणाला.

“कुणाच्या हाताला?” वडिलांनी विचारलं.

नवऱ्याने उजवं पायडल बसवलं. मग डावं घेतलं. ते काही केल्या आत जाईना. तो पिळतोय, कपाळावरून घाम गळतोय, आणि वडील चष्मा नाकावर घेऊन शांतपणे पुस्तिका वाचतायत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “जावईबापू, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते डावीकडे फिरवून आवळायचं.”

“मग आधी का नाही बोललात?”

“तुमचा व्यायाम चालला होता. म्हटलं, मधे कशाला बोला.”

चिमी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली. बाहेर येऊन मात्र तिने गंभीर चेहऱ्याने दोघांनाही चहा दिला.

दुसऱ्या दिवशी ती सायकलवरून कामाला निघाली. गल्लीच्या वळणावर तिने हँडल डावीकडे वळवलं. हँडल वळलं, चाक सरळच गेलं. समोर कोपऱ्यावरच्या काकूंचे कपडे वाळत होते. चिमी त्या कपड्यांतून आरपार गेली आणि पलीकडे निघाली तेव्हा डोक्यावर काकूंची चादर होती. लागलं काही नाही. काकूच उलट घाबरून “कोण आहे, कोण आहे” करत राहिल्या.

संध्याकाळी तिने विचारलं, “हँडल कुणी आवळलं होतं?”

“मी,” नवरा छाती काढून म्हणाला. “हत्तीने ओढलं तरी हलणार नाही असं.”

वडील छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात तिला सीट बोटभर खाली करायची होती, तर सीटचा बोल्ट हलेचना. किल्ली घसरून घसरून त्याचं तोंड गोल व्हायला आलं होतं. आता वडील खुशीत आले. “मी सीटला हात लावला नाही हो. मी बसवली असती, तर नुसत्या फुंकरीने खाली आली असती.”

चिमीच्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याने आवळलेलं वडील गुपचूप ढिलं करत होते आणि वडिलांनी ढिलं केलेलं नवरा गुपचूप आवळत होता. ती सकाळी कामावर, नवऱ्याचा दवाखाना दुपारी बंद, वडील घरीच. दोघांना मोकळं रान.

भांडण करणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्यापेक्षा मजेची वाट तिला नेहमी आधी सुचायची. तिने कपाटातून लाल नेलपॉलिश काढलं आणि प्रत्येक बोल्टवर, बोल्टवरून शेजारच्या भागावर जाईल अशी, एकेक बारीक रेघ ओढली. बोल्ट जरासा जरी फिरला, तरी रेघ मधोमध तुटणार.

दुसऱ्या दिवशी घरी येताच ती सायकलपाशी वाकली. हँडलच्या रेघा डावीकडे सरकल्या होत्या. म्हणजे ढिलं केलं, बाबा. सीटची रेघ उजवीकडे. म्हणजे आवळलं, अहो. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की तिला दोघांची जवळजवळ कीव आली. जवळजवळच.

रविवारी चहा घेता घेता ती सहज आवाजात म्हणाली, “आपल्या सायकलला कुणीतरी रोज हात लावतंय. मला वाटतं, चोर असावा.”

नवऱ्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

“चोर?” वडील म्हणाले. “चोर सायकल नेईल ना. बोल्ट कशाला हलवेल?”

“तुम्हाला कसं कळलं बोल्ट हलवले म्हणून? मी तर नुसतं हात लावतंय म्हटलं.”

वडिलांना एकदम खोकला आला. नवऱ्याने त्यांच्या पाठीवर थोपटलं. त्या थोपटण्यानेही ते पुढे सरकले.

“पोलिसांत कळवायचं का?” चिमीने विचारलं.

“नको!” दोघं एका सुरात ओरडले. आजवर कुठल्याही गोष्टीवर त्यांचं इतकं एकमत झालं नव्हतं.

“मग आज दुपारी तुम्ही दोघं पहारा द्या. मी जरा पडते.”

तिने व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या, मधे सायकल. आपण खोलीत गेली आणि खिडकीच्या पडद्याला बोटभर फट ठेवून बसली.

बराच वेळ कुणी हललं नाही. नवरा वर्तमानपत्र वाचत होता, पण पान उलटत नव्हता. वडिलांनी मान खाली टाकली आणि घोरायला लागले. घोरणं जरा जास्तच सुरेल होतं. नवऱ्याने दोनदा खाकरून पाहिलं, मग खिशातून हळूच किल्ली काढली आणि चवड्यांवर चालत हँडलपाशी गेला. किल्ली बोल्टमध्ये बसते न बसते तोच वडील एक डोळा उघडून ओरडले, “चोर! चिमे, चोर सापडला!”

“चोर मी? आणि तुमच्या सदऱ्याच्या खिशात काय आहे बाबा?”

खिशात दुसरी किल्ली होती. वडिलांनी ती खास या कामासाठी कुठून तरी पैदा केली होती.

चिमी बाहेर आली तेव्हा दोघं आपापली किल्ली पाठीमागे लपवून उभे होते, वॉर्डात चोरून विडी ओढताना सापडलेल्या पेशंटसारखे. तिला खूप बोलायचं होतं, पण चेहरे बघून हसूच फुटलं.

“अगं, यांच्या ढिल्या कारभाराने तू पडशील म्हणून...” नवरा म्हणाला.

“आणि यांच्या ताकदीने बोल्ट तुटला, तर? धावत्या सायकलवर तुटला, तर?” वडील म्हणाले.

दोघांचंही खरं होतं, आणि दोघंही तिच्याच काळजीने घुसखोरी करत होते. हे कळल्यावर रागावायची सोयच उरली नाही.

ती माळ्यावरून प्रवासाच्या बॅगा टांगून तोलायचा काटा घेऊन आली. “पुस्तिकेतला आकडा म्हणजे जोर गुणिले लांबी,” ती म्हणाली. “ही किल्ली बोल्टपासून टोकापर्यंत बरोबर दहा सेंटीमीटर. टोकाला काटा अडकवायचा, किल्लीशी काटकोन करून ओढायचं, आणि पुस्तिकेतल्या आकड्याच्या हिशेबाने काट्यावर पाच किलो दिसले की हात थांबवायचा. हँडलचे बोल्ट एकदम पिळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने. अहो, तुम्ही ओढा. बाबा, तुम्ही आकडा वाचा.”

नवऱ्याने ओढलं. वडिलांनी डोळे बारीक केले. “तीन... चार... सावकाश हो, दाढ नाहीये ती... साडेचार... बास! बास म्हणतोय ना!”

“एवढंच?” नवरा हिरमुसला. “हे तर काहीच नाही.”

“एवढं?” वडील हळहळले. “बिचाऱ्याचा जीव गेला असेल.”

“दोघांनाही चुकलंसं वाटतंय म्हणजे बरोबर झालं,” चिमी म्हणाली. तिने पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल वळवून पाहिलं. जागचं हललं नाही. सीटसाठी गोल झालेला बोल्ट काढून नवा घातला, तोही काट्यानेच आवळला. पायडलांना मोठा पाना लागला आणि जोरही बराच लागला, त्यामुळे नवऱ्याचंही समाधान झालं.

“एक चक्कर मारून येते,” म्हणत ती निघाली. दोघं फाटकात उभे राहिले. ती कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली.

आणि परत येईना. ती मुद्दामच येत नव्हती. कोपऱ्यावरच्या काकूंच्या ओट्यावर बसून, त्यांच्या चादरीची माफी मागून, ती आरामात सरबत पीत होती. तिथून फाटकातलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

“तुम्ही ‘बास’ लवकर म्हणालात, बाबा.”

“तुम्हीच शेवटी हिसका दिलात. मी पाहिलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमचं पायडल सुटलं असेल. डावं.”

“माझं? वाचत कोण होतं?”

“चला, बघून येऊ.”

“चला.”

काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. चिमीने पेला ठेवला, सायकल उचलून मागच्या गल्लीत नेली आणि वळसा घालून घरामागून आली. दोघं पाठमोरे, हातात हात घालून, कोपऱ्याच्या दिशेने घाईघाईने निघाले होते. वडिलांची एक चप्पल मागेच राहिली होती. चिमी अगदी त्यांच्या मागे आली आणि तिने जोरात घंटी वाजवली.

दोघं एकदमच उडाले. नवरा वडिलांच्या अंगावर, वडील कुंपणावर.

“काय झालं?” चिमीने निरागसपणे विचारलं. “चोर दिसला का?”

वडील कुंपणातून पानं झटकत बाहेर आले. त्यांनी सायकलकडे नीट पाहिलं, वाकून हँडलचे बोल्ट पाहिले, आणि जावयाकडे वळून म्हणाले, “एकही हललेला नाही हो, जावईबापू.”

“नाही ना?” नवरा म्हणाला. मग जरा घुटमळून, बायकोची नजर चुकवत, त्याने विचारलं, “चिमे, मला येईल का गं चालवायला? लहानपणी राहूनच गेलं.”

“येईल की,” ती म्हणाली. “बसा. बाबा, तुम्ही मागून धरा. आणि अहो, हँडल जरा हलक्या हाताने धरा. ते मी गळा आवळायला दिलेलं नाही.”