हिरव्या फितीचं रीळ

"हिरवी अर्धं रीळ द्या, पिवळी त्याच्या निम्मी," अप्पाराव म्हणाले. "लाल वीतभर पुरं."

गल्ल्यावरचे बशीरभाई हसले. "लाल इत्तीसी कायकू? पूरी रीळ लेव ना अप्पाराव, सस्ती पडती."

"नाय भाई. लाल निघून निघून किती निघतेत? अन् निघाले तरी येतेतच असं नाय."

काउंटरमागे विशाखाने कात्री उचलली. बारावीनंतर ती शहागंजातल्या या मॅचिंग सेंटरमध्ये लागली होती, आणि कुठल्या साडीवर कुठला ब्लाउजपीस जातो हे परक्या बायकांना सांगण्यात तिचे दिवस चालले होते. लाल फीत कापताना कात्री एकदा अडली. बाकी काही झाले नाही.

"राजेंद्रभाऊची लेक ना तू? एसटी वर्कशॉपवाले?" अप्पारावांनी चष्म्यावरून पाहिले. "तुझं बी रक्त घेतलंय की आपण. रविवारी ये बरं का मेळाव्याला. अन् भिऊ नको. विज्ञान हे. खात नसतंय."

"व्हय काका."

अप्पाराव ज्या विवाह मंडळाचे सचिव होते, त्याने पत्रिका कधीच पाहिली नव्हती. पत्रिका, मुहूर्त, गुणमेळ हे सगळे आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हाच नदीत सोडले होते. आता तीच नदी ते रक्ताच्या थेंबात घालून परत घेऊन आली होती. पण आली होती विज्ञान म्हणून, आणि विज्ञान आले की आपण उठून खुर्ची देतो.

यंदा मंडळाने सगळ्या उपवर मुलामुलींचे रक्त सिकलसेलसाठी, त्या आनुवंशिक रक्तविकारासाठी, तपासून घेतले होते. निकाल दारातच मिळणार होता, फितीच्या फुलाच्या रूपाने, छातीवर. हिरवे म्हणजे निर्दोष. पिवळे म्हणजे वाहक. स्वतः धडधाकट, पण रक्तात ते आहे. लाल म्हणजे आजारी. हिरव्याने कुणाशीही जुळवावे. पिवळ्याने फक्त हिरव्याशी, कारण दोन पिवळ्यांच्या प्रत्येक लेकराला चारात एक वेळा लाल व्हायची भीती. लालसाठी मागे, पंख्याखाली खुर्च्या होत्या. तेवढी माणुसकी मंडळाकडे होती.

अप्पाराव गेल्यावर विशाखाने उरलेल्या रिळातली हातभर हिरवी फीत कापून पर्समध्ये ठेवली. पैसे गल्ल्यात टाकले. फसवायचे होते ते बशीरभाईंना नव्हे.

घरी राजेंद्र मेळाव्याच्या तयारीत होते. विज्ञानावरच्या कुठल्याही भाषणाला ते सगळ्यांत आधी टाळी वाजवत. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर सुगतचा फोटो होता. विशाखाचा धाकटा भाऊ. सातवीत असताना गेला.

"आमच्या टायमाला हे तपासणं असतं," राजेंद्र म्हणाले, "तर मी अन् तुझ्या आईनं लग्नच केलं नसतं. लेकराचे हाल तरी झाले नसते."

"मग मी कुठून आले असते, पप्पा?"

राजेंद्रांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई, सत्यशीला, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

सम्यक, ज्याच्याशी तिला लग्न करायचे होते तो, तिला विद्यापीठामागे, लेण्यांच्या पायऱ्यांवर भेटला. वाळूजच्या कारखान्यात तो सीएनसी मशीनवर होता. केसाएवढी चूक झाली तरी जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, भंगारात, असे तो अभिमानाने सांगत असे.

"समज, दोघं बी पिवळे निघालो?" विशाखाने विचारले.

"नाय निघत."

"पण समज ना."

"मग मी पंक्चरचं दुकान टाकतो अन् बिनलग्नाचा मरतो. मयतीला ये."

"सम्या, मस्करी नको. मी सुगतचे पाय दाबलेत. हिवाळा आला की हाडात कुणीतरी सळई फिरवतंय म्हणायचा. मला म्हणायचा, ताई, जोरात दाब. मी दाबायचे, अन् तो अजून वरडायचा."

सम्यकने तिचा हात हातात घेतला. "आपण एकमेकाला काय बी इचारायचं नाय," तो म्हणाला. "रविवारी छातीवर जे लागंल ते लागंल."

"अन् पिवळं-पिवळं लागलं तर?"

"तर तू मला वळखायचं नाय. मी बी नाय." तो हसला, पण तिचा हात त्याने सोडला नाही.

पळून जाऊन कोर्टात लग्न करता आले असते. कोर्ट रक्त मागत नाही. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर सुगत उभा राहिला असता.

रात्री विशाखाने त्या फितीचे फूल केले, आणि करताना तिला एक गोष्ट दिसली. आपण पिवळ्या असलो तरी सम्यक हिरवा निघाला, तर हे फूल लागणारच नव्हते. पिवळीला हिरवा चालतो. फूल लागणार होते ते तो पिवळा निघाला तरच. म्हणजे हे खोटे जिथे उपयोगाचे, नेमके तिथेच ते जीवघेणे. हे समजूनही तिने त्याला टाचणी लावली.

रविवारी उस्मानपुऱ्यातल्या मंगल कार्यालयाच्या दारात निकालांची एकुलती यादी सांभाळणाऱ्या बाईंनी तिचे नाव पाहिले आणि तिच्या छातीवर पिवळे फूल टाचले. "काई नाय बाळा. तब्येतीला काईच नसतंय याचं. फक्त…" पुढचे त्यांनी गिळले आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

विशाखा हात धुवायच्या खोलीत गेली आणि हिरवी होऊन बाहेर आली.

"हिरवी!" राजेंद्र पहिल्या रांगेतून उभेच राहिले. शेजाऱ्याला म्हणाले, "आम्ही दोघं बी पिवळे, बघा. अन् लेक हिरवी! चारात एकच निघतंय असं." सत्यशीलाने आधी फूल पाहिले, मग लेकीचा चेहरा.

बुद्धवंदना झाली. सम्यक उशिरा आला. त्याच्या छातीवर हिरवे फूल होते.

विशाखाला हायसे वाटले. तो हिरवा. आता आपण स्वतः पिवळ्या असलो तरी चालते. जाऊन सांगावे, की मी खोटी आहे आणि तरीही चालते. तो खिडकीजवळून पुढे आला आणि उन्हात त्याचे फूल पोपटी दिसले.

मंडळाची फीत बॉटल ग्रीन, गडद हिरवी होती. तिनेच कापून दिली होती.

तिने समोरच्या सगळ्या हिरव्यांकडे एकदा पाहून घेतले. सगळे एका रिळातले. एकटा सम्यक पोपटी. त्या भरल्या हॉलमध्ये ही गोष्ट फक्त तिला कळली होती. ती गप्प बसली असती, तर ती कुणालाच कधी कळली नसती, निदान पहिल्या लेकराच्या पहिल्या हिवाळ्यापर्यंत.

माइकवर अप्पाराव रंगात आले होते. "आता हिरवे! एकामागं एक स्टेजवर या! चिरंजीव सम्यक. अन् आपल्या राजेंद्रभाऊंची विशाखा. भाऊ, जोडा कसाय?" लोक हसले. राजेंद्रांनी टाळीसाठी हात उचलले.

स्टेजच्या पायरीशी तिने त्याला गाठले. "हे कुठून घेतलं?"

"काय?"

"पोपटी हे सम्या. मंडळाची बॉटल ग्रीन."

त्याचा चेहरा उतरला. "गुलमंडीच्या दुकानातून. रातच्याला काय कळतंय रंग." मग हळूच, "तुझं तर खरं हे ना? तुझं खरं असलं तर काय भ्या नाय. म्हणूनच म्या…"

तिने मूठ उघडली. चुरगळलेले पिवळे फूल.

"या, या, लाजायचं काय त्यात!" अप्पाराव माइकवरून ओरडले.

"आता?" सम्यकने विचारले.

"मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "पण डोळे झाकून नको. पोर होऊ द्यायचं का नाय, ते आपण ठरवू. माहीत असून ठरवू."

सम्यकने खिशातून आपले पिवळे फूल काढले. दिवसभर मशीनवर केस मोजणाऱ्या त्या बोटांना टाचणी उघडेना. तिने हिरवे काढले, पिवळे लावले. आधी त्याला, मग स्वतःला. आणि दोघे स्टेजवर चढले.

अप्पारावांनी माइकवर हात ठेवला. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मागून कुणीतरी म्हणाले, "ओ, पिवळे हेत दोघं बी." कुणी हसले नाही. राजेंद्रांचे हात टाळीसाठी उचललेले होते. ते मध्येच तसेच राहिले, ना जुळले ना खाली आले.

सत्यशीलाने शेजारच्या दोन खुर्च्यांकडे पाहिले. एकीवर पिशवी होती, दुसरीवर पाण्याची बाटली. तिने दोन्ही उचलून आपल्या मांडीवर घेतल्या.