दुहेरी शिवणीच्या कुंड्या

"फुटलं! पोस्टमनकाकांचं फुटलं!" अशी आरोळी उठली आणि हॉलमधली निम्मी माणसं खुर्च्यांवर चढली.

रिटायर झालेले पोस्टमन आपली कुंडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मधल्या वाटेने मंचाकडे निघाले होते. कुंडीत एकच पान उभं होतं, तळहाताहून मोठं, जाडजूड, तेल लावल्यासारखं चकचकीत. त्याच्या बुडाशी मातीतून बोटाच्या पेराएवढं लालभडक टोक वर आलं होतं. लोक ते टोक बघायला एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. हेच रबराचं झाड बँकेच्या दारात धूळ खात उभं असतं, तेव्हा त्याला कुत्रं विचारत नाही. पण इथे त्याचं नाव 'संजीवन पान' होतं, आणि नाव बदललं की माणसाची नजरही बदलते.

मंचावर पानबाबा हिरव्या झग्यात बसले होते. त्यांनी माइक ओठांना लावला.

"पान म्हणजे काय? पान म्हणजे प्राण! डॉक्टर तुम्हाला काय देतो? कागद! मी काय देतो? पान! कागद वाळतो. माझं पान वाळतं का?"

"नाही!" हॉल गरजला. कागद मुळातच वाळलेला असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"काकांची कंबर धरली होती. आज कुंडी डोक्यावर घेऊन आले! पानाला अंकुर फुटला की रोग सुटला. आणि ज्यांचं फुटत नाही..." इथे बाबांनी आवाज खाली आणला. "...त्यांच्या घरात अडसर आहे. तो शोधा. पण माती उकरायची नाही! माती उकरणं म्हणजे रोग्याच्या छातीत हात घालणं."

तिसऱ्या रांगेतल्या शिंपीणबाईंच्या मांडीवर त्यांची कुंडी होती आणि खांद्यावर डोकं टेकून त्यांची नऊ वर्षांची लेक, बिट्टी, पेंगत होती. बाईंनी आपल्या पानाकडे पाहिलं. हिरवंगार, ताठ, आणि बुडाशी काही नाही. सहा महिने झाले होते. पान वाळलं असतं, तर बाईंनी एकदाचं रडून घेतलं असतं आणि नाद सोडला असता. पण ते वाळत नव्हतं, म्हणून आशाही सुटत नव्हती.

बिट्टीला फिट यायची. दोन वर्षांपूर्वी पहिली आली, मग गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबली. थांबली म्हणूनच बाईंना वाटायला लागलं की आता गोळ्या कशाला? नवरा बोटीवर कामाला, घरी दोघीच. त्यांनी बाबांचं पान आणलं. बाबा दर खेपेला नवा अडसर सांगायचे. आधी आरसा काढ म्हणाले, मग पोरीला शाळेत पाठवू नकोस, मग रात्रीची गोळी बंद कर. बाईंनी सगळं केलं. वर सेवा म्हणून कुंड्यांना घालायची हिरवी कापडी अंगडीही त्या फुकट शिवून देत होत्या.

त्या दिवशी बाबांनी त्यांना पुढे बोलावलं, पानावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"पान गुदमरतंय, माई. घरात अजून कडू आहे."

"सकाळची गोळी आहे, बाबा."

"पुढच्या रविवारी सगळ्या गोळ्या इथे आण. सगळ्यांसमक्ष पाण्यात सोड. मग बघ कसा फुटतो अंकुर!"

बाईंनी मान डोलावली. 

* * *

बुधवारी संध्याकाळी त्यांचा धाकटा भाऊ आला. बिट्टीच्याच शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. तो चप्पल काढायच्या आधीच बोलला.

"ताई, बिट्टी शाळेत का येत नाही?"

"बरं नाही तिला."

"मग डॉक्टरांकडे नेलंस?"

बाईंनी शिवणयंत्र जोरात चालवायला घेतलं. मास्तर आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची पट्टी होती.

"ही एव्हाना संपायला हवी होती."

"रात्रीची बंद केलीय."

"कुणाला विचारून?"

"अरे, कुणाला विचारायचं?" बाईंनी यंत्र थांबवलं. "डॉक्टरांना? दोन वर्षं गोळ्या, मग म्हणतील आणखी दोन वर्षं. माझी पोर त्या गोळ्यांनी पेंगते. वर्गात तिला झोपाळू म्हणतात, तूच सांगितलंस ना? मला बघवत नाही रे!"

मास्तर खाली बसला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "ताई, गोळी जड वाटत असेल तर डॉक्टर बदलून देतील. मी येतो तुझ्याबरोबर. पण अशी मधेच तोडली तर फिट आधीपेक्षा जोरात येते. कधीकधी थांबतच नाही. तुला घाबरवत नाहीये, खरं सांगतोय."

"पान फुटलं की कळेल तुला."

"हे पान? हे जन्मात फुटणार नाही! शाळेच्या खिडकीत असलंच एक आहे. पोरांनी नुसतं पान लावलं होतं, तीन वर्षं झाली. हिरवंगार आहे, खाली मुळ्यांचं जाळं झालंय, पण झाड काही होत नाही."

"मग पोस्टमनकाकांचं कसं फुटलं?"

"दाखवतो. ही कुंडी जरा उपडी करू दे."

बाईंनी झडप घालून कुंडी उचलली आणि पोटाशी धरली. "हात लावू नकोस! पोरीवर येईल!"

मास्तरचा हात तिथेच थांबला. बहिणीच्या चेहऱ्यावरची भीती बघून त्याला कुंडी हिसकावून घेता येईना.

"बरं, नाही लावत. पण एवढाच विचार कर. कुणाचं पान फुटणार हे बाबाला आधी कळत असलं पाहिजे. सगळ्या वस्तीत ओळख असलेल्या पोस्टमनचं फुटतं, तुझं फुटत नाही, हे आपोआप होत नाही. कुंड्यांवर काहीतरी खूण असणार."

"झालं तुझं? मग नीघ."

"निघतो. गोळी दे तिला, ताई. पाया पडतो तुझ्या."

बाईंनी दार लावून घेतलं. रात्री त्या पट्टी हातात घेऊन बराच वेळ बिट्टीच्या उशाशी बसल्या. एकदा गोळी काढलीसुद्धा. मग कोपऱ्यातल्या कुंडीकडे नजर गेली आणि गोळी पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली.

* * *

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पाण्याचं मोठं काचेचं भांडं ठेवलं होतं. मास्तर मागे भिंतीला टेकून उभा होता. बाईंनी त्याला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सुरुवातीला पोस्टमनकाकांची कुंडी दर्शनासाठी रांगांमधून फिरली. लाल टोक आता उलगडून कोवळं पान झालं होतं. कुंडी बाईंच्या हातात आली. लोक पानाला हात लावत होते, बाईंची बोटं मात्र सवयीने कापडाच्या काठावर गेली. आयुष्यभर त्या कुणाच्याही कपड्याची शिवण आधी बघत आल्या होत्या.

काठाला दुहेरी शिवण होती.

त्यांना आठवलं. बाबांचा सेवक कापड घेऊन यायचा तेव्हा सांगायचा, "बाई, बाकीची साधी शिवा. या थोड्यांच्या काठाला मात्र दोनदा शिवण घाला." का, म्हणून विचारलं तर म्हणाला होता, "बाबांची आज्ञा." बाईंनी पुन्हा विचारलं नव्हतं. आता त्यांनी मान उंच करून मंचाकडे पाहिलं. तिथे आजवर फुटलेल्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. पहिलीला दुहेरी शिवण. दुसरीलाही दुहेरी. सगळ्यांनाच दुहेरी. मग त्यांनी मांडीवरच्या आपल्या कुंडीचा काठ चाचपला. एकेरी.

 ती खूण त्यांनी स्वतःच्या हातांनी शिवली होती.

"माई, या! कडू घेऊन या!" माइकवरून हाक आली.

सेवकाने दंडाला धरून त्यांना उठवलं. एका हातात कुंडी, मुठीत गोळ्या, मागे पदर धरून बिट्टी. बाई पायरी चढल्या. भांड्यातलं पाणी समोर आलं. अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बाईंची मूठ भांड्यावर आली, पण उघडली नाही.

तेवढ्यात मागचा पदर ताणला गेला आणि सुटला. बिट्टी धाडकन खाली पडली. तिचे डोळे वर गेले, दात आवळले गेले, हातपाय झटके द्यायला लागले.

"पान कोपलं!" कुणीतरी किंचाळलं. एक बाई चमचा घेऊन तिच्या तोंडात घालायला धावली.

"तोंडात काही घालू नका! बाजूला व्हा!" मास्तर खुर्च्या ओलांडून आला होता. त्याने बिट्टीला कुशीवर वळवलं, शर्ट काढून डोक्याखाली सरकवला आणि घड्याळात बघत बसला. "धरू नका तिला. झटके येऊ देत. कुणीतरी गाडी आणा!"

पोस्टमनकाकांचा मुलगा पळाला. बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. पोरीच्या तोंडातून फेस येत होता. हा प्रत्येक क्षण त्या पूर्वी एकदा जगल्या होत्या, आणि पुन्हा जगायची वेळ त्यांनीच आणली होती.

बाबा मात्र माइक सोडायला तयार नव्हते. "बघा! गोळीचं विष बाहेर पडतंय! माई, आत्ताच सोड पाण्यात! ही वेळ गेली तर पोर हातची जाईल!"

हळूहळू झटके कमी झाले. बिट्टीने एक लांब श्वास घेतला आणि अंग सैल सोडलं.

"थांबली," मास्तर म्हणाला.  "श्वास नीट आहे. गाडी आली की दवाखान्यात न्यायचं."

बाई उठल्या. मुठीतल्या गोळ्या त्यांनी पोलक्यात खोचल्या. मग आपली कुंडी उचलली, कापडी अंगडं फराफरा ओढून काढलं आणि कुंडी बाबांच्या पुढ्यातल्या पांढऱ्या चादरीवर उपडी केली.

 मातीचा गोळा फुटला आणि पान आडवं पडलं. देठाखाली पांढऱ्या मुळ्यांचा झुबका होता. बाकी काही नाही.

"पोरीच्या छातीत हात घातलास!" बाबा ओरडले.

"घातला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "पोर श्वास घेतेय, बघा. काका, तुमची कुंडी उपडी करा. हिला मी दुहेरी शिवण घातलीय. जेवढ्या फुटल्या तेवढ्या सगळ्या दुहेरी शिवणीच्या आहेत. या माणसाने माझ्याकडून खूण करून घेतली."

सेवक पुढे झेपावला. पण पोस्टमनकाकांनी रांगांमधून परत आलेली आपली कुंडी छातीशी धरली होती. ते एकदा बाबांकडे बघत होते, एकदा खाली निपचित पडलेल्या पोरीकडे. जन्मभर त्यांनी बंद पाकिटं पोचवली होती, एकही उघडून पाहिलं नव्हतं. त्यांनी खाली वाकून कुंडी उलटी केली.

त्यांच्या पानाखाली अंगठ्याएवढा फांदीचा तुकडा होता, आणि कोवळा कोंब त्या तुकड्यातून निघाला होता.

मास्तरने दोन्ही पानं उचलून लोकांना दाखवली. "देठ फांदीला जिथे जोडलेला असतो, तिथे कुशीत एक डोळा असतो. नवा कोंब त्या डोळ्यातूनच येतो. काकांच्या पानाला डोळा ठेवला होता, ताईच्या पानाचा कापून टाकला होता. नुसत्या पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्याचं झाड होत नाही. ज्याचं ऐकून चार माणसं येतील त्याला डोळ्याचं पान. ज्याने दर रविवारी हेलपाटे घालायचे त्याला बिनडोळ्याचं. कापलेली जागा दिसू नये म्हणून माती उकरायला बंदी."

"माझी कंबर?" काकांनी बारीक आवाजात विचारलं.

"लचकली असणार, काका. विश्रांतीने बरी झाली."

बाबा 'नास्तिक, नास्तिक' असं काहीतरी म्हणत मंचामागच्या दाराकडे सरकत होते. मघाशी त्यांच्या पायांवर डोकं ठेवणाऱ्या लोकांनीच दार अडवलं. कुणी हात उगारला नाही, पण वाटही कुणी सोडली नाही. खाली धडाधड कुंड्या उपड्या व्हायला लागल्या. फरशीवर मातीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगात मुळ्यांचा झुबका असलेलं एकेक पान. एक म्हातारी मास्तरचा हात धरून विचारत होती, "माझ्या मालकांची साखरेची गोळी मी उन्हाळ्यापासून बंद केलीय रे. आता काय होईल?" मास्तर तिच्याकडे वळून म्हणाला, "आजच दवाखान्यात न्या, आजी. उद्यावर टाकू नका."

गाडी आली. मास्तरने बिट्टीला उचललं. तिने डोळे किलकिले करून 'आई' म्हटलं आणि बाईंना इतका वेळ दाबून ठेवलेला हुंदका फुटला.

दाराबाहेर पायऱ्यांवर एक तरुण बाई आपली कुंडी पदराखाली झाकून उभी होती. आत काय झालं ते तिने सगळं पाहिलं होतं, तरी तिने कुंडी उपडी केली नव्हती. कडेवर फिकट, धापा टाकणारं लहान मूल होतं.

"माझं फुटेल," ती पुटपुटली. "माझ्या पानाला डोळा असेल."

शिंपीणबाई गाडीत चढता चढता थांबल्या. त्या बाईला रागवावं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आज सकाळपर्यंत तिच्या जागी त्याच होत्या.

"असेलही," त्या म्हणाल्या. "पण डोळा असला तर झाड वाढेल, बाई. तुझं पोर नाही वाढणार त्याने. कुंडी हवी तर ठेव घरी, खिडकीत छान दिसेल. पोराला मात्र आमच्याबरोबर गाडीत घे, दवाखान्यातच चाललोय."

त्या बाईने कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. मग तिने कुंडी पायरीवर ठेवली आणि मूल सावरत गाडीत चढली.