चुकीच्या दारातला मांडव

मित्रांनो, मी कारंज्याच्या एका बिछायत केंद्रातला, म्हणजे लग्नाला मांडव-गाद्या भाड्यानं देणाऱ्या दुकानातला, जुना संगणक आहे, आणि खरं सांगायचं तर आता मी दमलो आहे. माझा पंखा घरघर करतो. कळांच्या फटींत कनातीची धूळ बसली आहे. माझ्या एका बाजूला गाद्यांची चळत आहे, दुसऱ्या बाजूला भलीमोठी पातेली. लग्नसराईत हमाल माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

माझं तरुणपण पुण्याच्या एका कार्यालयात गेलं. तिथं गार हवा होती आणि मला रोज पुसत असत. मग सडपातळ नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना टेम्पोत भरून अकोल्याला विकायला आणलं. तिथल्या दुकानदारानं माझ्यातल्या सगळ्या फायली पुसल्या आणि मला नव्यानं जागं केलं. जागा झाल्यावर प्रत्येक संगणक जे विचारतो तेच मीही विचारलं. मी कोणत्या देशात आहे? इथली भाषा कोणती? तारीख कशी लिहितात? दुकानदाराला घाई होती. त्यानं प्रश्न वाचलेच नाहीत, नुसतं 'पुढे, पुढे' दाबत गेला. कोणी काही सांगितलं नाही, तर आम्ही आपलं अमेरिकेत आहोत असं धरतो. आमची ती खोडच आहे.

अशा रीतीनं मी कारंज्यात आलो आणि अमेरिकेत राहू लागलो. कागदही मी तिकडच्या मापाचा धरायचो, त्यामुळे छापताना पावतीची कड कापली जायची. मालकाची लेक फरहा बिचाऱ्या प्रिंटरला बोल लावायची. वहाबभाई म्हणजे आमचे मालक. पूर्वी कोणाचं लग्न कधी आणि कोणाला किती गाद्या, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. गेल्या साली त्यांना मोठं आजारपण आलं आणि डोकं पूर्वीसारखं चालेना. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात फरहानं सगळी लग्नं माझ्यात भरली. त्या दिवशी पहाटे मी घंटा वाजवायची, लग्नघराचं नाव दाखवायचं आणि गाडी निघायची, अशी सोय तिनं केली. वहाबभाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "आता आपलं डोकं हे हाये." मित्रांनो, त्या शब्दांनी माझा शीण गेला होता.

एप्रिलमधली लग्नं नीट पार पडली. ती सगळी महिन्याच्या उत्तरार्धातली होती. अमेरिकेत आधी महिना लिहितात आणि मग दिवस. पण तेरावा महिना कुठंच नसतो, म्हणून पंचवीस-चार असं दिसलं की मीही मुकाट्यानं पंचवीस एप्रिल समजायचो. खरं घोडं पेंड खात होतं ते महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत. धनजच्या लिलाबाईंची लेक सपना, तिचं लग्न सहा मेला होतं. फरहानं सहा-पाच लिहिलं आणि मी पाच जून समजलो. मानोऱ्याकडच्या एका गावात देवमन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न पाच जूनला होतं. फरहानं पाच-सहा लिहिलं, मी सहा मे समजलो. पडद्यावर तिला तिनं लिहिलेलंच दिसत होतं. तिला शंका कशी यावी?

सहा मेच्या पहाटे मी मोठ्या ऐटीत घंटा वाजवली आणि देवमनचं नाव दाखवलं. गाडी मानोऱ्याच्या रस्त्याला लागली.

ऊन चढल्यावर लिलाबाईंचा फोन आला. नवरा गेल्यावर त्यांनी मजुरी करून सपनाला शिकवलं होतं. दीक्षाभूमीला जाऊन आलेलं हे बौद्ध घर, लग्न साधं पण नेटकं करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आलं. "वहाबभाई, पाव्हणे येऊन राह्यले अन् दारात एक बांबू नाही. एवढ्या उन्हात मी लोकाईले बसवू कुठं?"

वहाबभाईंनी माझ्या पडद्यावरचं देवमनचं नाव पुन्हा वाचलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दुकानात मांडव तेवढा एकच, गोदामात चिंधी नव्हती. त्यांनी मोटारसायकल काढली आणि मानोऱ्याकडे निघाले.

पुढचं मला हमालांच्या बोलण्यातून कळलं. देवमन कपड्यांच्या खरेदीला गेला होता. घरी त्याची आई गोमतीबाई एकटी. महिनाभर आधीच मांडव दारात आलेला पाहून तिला वाटलं, लग्नसराईत मांडव मिळत नाहीत म्हणून लेकानं आधीच बांधून घेतला. तिनं हमालांना चहा पाजला आणि पहिला खांब रोवताच त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. झाली की मुहूर्तमेढ! वहाबभाई पोचले तेव्हा मांडव पुरा उभा होता आणि गोमतीबाई तो सोडू देईना.

"पुजलेला मांडव लग्नाआधी सोडत नसते," ती म्हणाली. "माह्या नातीले काही झालं तं?"

वहाबभाईंनी जास्त वाद घातला नाही. आपल्या दुकानाची चूक झाली हे सांगितलं, आणि धनजला एका विधवेची पोरगी मांडवावाचून बसली आहे हेही. म्हातारीनं खांबाला हात लावला.

मग तिनं विचारलं, "तिथं झाड तरी हाये का दारात?"

"नाही, माय."

"मंग हा पुजलेला एक खांब राहू द्या. बाकीचं सारं घेऊन जा."

गाडी धनजला पोचली तेव्हा दुपार कलली होती. वऱ्हाडी भिंतींच्या कडेनं जिथं वीतभर सावली मिळेल तिथं दाटीवाटीनं बसले होते. नवरदेवाकडचे दोघेतिघे कुरकुरत होते. पण सावली झाल्याशिवाय लिलाबाई लग्न लावू देत नव्हत्या. हमालांसोबत वऱ्हाडीही दोर ओढायला धावले. वहाबभाई हात जोडून उभे राहिले, तशा त्या म्हणाल्या, "आमच्यात मुहूर्त नसते, भाऊ. मानसं सावलीत बसले का लग्न लागते."

त्या रात्री फरहानं माझ्यातली त्या न वाचलेल्या प्रश्नांची खिडकी उघडली. देश भारत, भाषा मराठी, आधी दिवस मग महिना. चहा निवायच्या आत काम झालं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तसंच हे. मला आनंद झाला, पण उशिरा झालेला आनंदही माणसाला थकवतो, तसा संगणकालाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी आलं, तर 'पुढे, पुढे' दाबू नका. ते काय विचारतं आहे, ते एकदा वाचा. आम्हाला राबायला काही वाटत नाही. चुकीच्या गावात राबायला लावू नका.

तेव्हापासून वहाबभाई गाडी काढण्याआधी लग्नघरी स्वतः फोन करतात. आता मी बरोबर सांगतो, तरी करतात. पाच जूनला तर माझी घंटा वाजायच्या आधीच त्यांनी गोमतीबाईंना फोन लावला आणि आजच लग्न आहे ना, असं विचारलं.

"आजच हाये," म्हातारी म्हणाली. "खांब उभाच हाये, भाऊ. तुमी वरचं घेऊन या."

मग माझी घंटा वाजली. बरोबर वाजली, पण तोवर वहाबभाई गाडीत बसले होते.